पियानोच्या हातोड्या आणि कारागिराची जिग

पियानोची पट्टी दाबली, की आत एक छोटी हातोडी उसळून तारेवर आदळते आणि तत्क्षणी मागे येते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही रचना केली, तेव्हा हातोडीच्या डोक्याला चामडं होतं. १८२६ मध्ये पॅरिसच्या झाँ-आंरी पापने तिथे फेल्ट आणला. आजही फेल्टच वापरतात, लोकरीचा.

कारखान्यात लांब लाकडी पट्टीवर फेल्ट प्रचंड दाबाने वाकवून चिकटवतात आणि अळूवडीच्या उंड्याचे पाडावेत तसे काप पाडतात. अशा ८८ हातोड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये येतात, तेव्हा त्या अनेकदा ठोकळ्यासारख्या जाड आणि जड असतात. खर्जाची हातोडी दहा-एक ग्रॅमची. हे वजन किरकोळ वाटेल. पण पट्टीच्या तरफेमुळे हातोडीवरचा १ ग्रॅम वादकाच्या बोटाला साधारण ५ ग्रॅमइतका जाणवतो. म्हणून बाजू तासून निमुळत्या करायच्या, फेल्टच्या विरुद्ध टोकाची लाकडी शेपटी घासायची, आणि हे सगळं ८८ वेळा सारखंच करायचं. नुसत्या हाताने ते साधत नाही. शिवाय एवढासा तुकडा करवतीजवळ बोटांनी धरणं धोक्याचं. इथे जिग, म्हणजे तुकडा ठरावीक जागी आणि कोनात पक्का धरणारा साचा, लागते.

पहिली जिग भोकाची. दांडा बसवायचं भोक अशा उंचीवर पडलं पाहिजे, की हातोडी तारेवर काटकोनात पडेल. माप घेताना हातोडीचं नाक अडणीला टेकवतात. पण फेल्ट दबतो, म्हणून ते हलकेच टेकवायचं. पुढची मापं भोकापासूनच घ्यायची असल्याने इथली चूक शेवटपर्यंत सोबत येते.

दुसरी जिग शेपटीची, आणि सगळ्यांत देखणी हीच. फिरत्या सँडिंग चकतीसमोर प्लायवूडचा पाट. त्यावर एका खिळीभोवती फिरणारी लाकडी भुजा. भुजेला दांड्याच्या जाडीची पोलादी कांडी. तिच्यावर हातोडी ओवायची आणि भुजा सावकाश फिरवायची. शेपटीला गोलाई येते, आणि अडवणारा स्क्रू तिची लांबी २५ मिलिमीटरच्या आसपास पक्की करतो. तारेवरून परतणारी हातोडी बॅकचेक नावाचा भाग या शेपटीलाच धरून थांबवतो. गोलाई बिघडली तर हातोडी निसटते आणि जलद वाजवताना सूर चुकतो.

बाजू तासायची जिग मात्र डोकेदुखी. १८५९ मध्ये हेन्री स्टाइनवे ज्युनिअरने ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेण्याचं पेटंट घेतलं. तारा तिरप्या, म्हणून तिथल्या हातोड्याही तिरप्या, आणि शेजारणीला घासण्याची भीती. त्यामुळे या जिगचा कोन बदलता यायला हवा. करवतीचं पातं बोथट असेल तर फेल्ट करपतो.

जुन्या संचातल्या प्रत्येक भागाची एक तरी हातोडी, नवा संच बसून वाजेपर्यंत, कारागिराने फेकू नये. जिगचे कोन तिच्यावरूनच ताडून पाहता येतात.