हृदयतपासणी तंत्रज्ञांचे शिक्षण : विद्यापीठाचा वर्ग आणि जिल्ह्याची रुग्णालये



हृदयतपासणीच्या क्षेत्रातील तंत्रज्ञ विद्यापीठाच्या वर्गात आणि रुग्णालयाच्या कक्षात कसा घडवावा, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भरलेल्या या परिषदेत सर्व उपस्थितांचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत आहे. ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि ज्याच्या चौंडी गावी अहिल्यादेवी होळकरांचा जन्म झाला, तो हा अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा आहे. अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या कड्यांपासून जामखेडच्या माळरानापर्यंत त्याचे १४ तालुके पसरलेले आहेत, आणि छातीत कळ आलेल्या माणसाची तपासणी या विस्तारात किती लवकर व किती अचूक होते, यावर अनेकदा त्याचे प्राण अवलंबून असतात.

ब्रिटनमध्ये ज्यास कार्डियाक फिजिऑलॉजिस्ट म्हणतात आणि आपल्या रुग्णालयांत ज्याची ओळख ईसीजी, इको किंवा कॅथलॅब टेक्निशियन अशी असते, त्या व्यावसायिकाचे काम निदानाच्या मुळाशी असते. हृदयाच्या विद्युत्प्रवाहाचा कागदावरील आलेख म्हणजे ईसीजी. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाच्या झडपा व कप्पे दाखवणारी तपासणी म्हणजे इको. चालत्या पट्ट्यावर रुग्णाला चालवून हृदयाची सहनशक्ती पाहणारी चाचणी म्हणजे टीएमटी. आणि मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी सरकवून हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी व उपचार जेथे होतात ती कॅथलॅब. निदान डॉक्टर करतात. परंतु ते ज्या आलेखावर, चित्रावर आणि दाबाच्या आकड्यांवर उभे असते, ती सामग्री मिळवण्यात, ती विश्वसनीय आहे की नाही हे ओळखण्यात आणि धोक्याची खूण दिसताच डॉक्टरांना सावध करण्यात तंत्रज्ञाचा वाटा निर्णायक ठरतो.

या व्यवसायाची जडणघडण शास्त्र आणि रुग्णसेवा यांच्या संगमावर झालेली आहे. नेदरलँड्समधील विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या गॅल्व्हानोमीटरने हृदयाचा विद्युत्‌आलेख काढण्याची रीत सिद्ध केली आणि त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुथ हर्ट्‌झ यांनी एकत्र येऊन इको तपासणीचा पाया घातला. ज्या विद्येचा जन्मच असा दोन्हींच्या मेळातून झाला, तिचे शिक्षण एकट्या वर्गात किंवा एकट्या रुग्णालयात पूर्ण होणार नाही, हा या परिषदेच्या आयोजनामागील मूळ विचार आहे.

ईसीजी हे सर्वांत सोपे मानले जाणारे काम घेतले तरी या विचाराची सत्यता पटते. १० इलेक्ट्रोड लावून १२ दिशांनी, म्हणजे १२ लीडमध्ये, हृदयाची नोंद घेतली जाते, कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो आणि छातीवरील पहिले दोन इलेक्ट्रोड उरोस्थीच्या दोन्ही कडांना, चौथ्या बरगडीखालील फटीत बसवायचे असतात, हे विद्यार्थी पुस्तकातून शिकतो. परंतु तेच इलेक्ट्रोड एक-दोन फटी वर लागले, तर निरोगी हृदयातही जुन्या झटक्यासारख्या खुणा उमटू शकतात. दोन हातांच्या तारांची अदलाबदल झाली, तर पहिल्या लीडचा आलेख उलटा येतो आणि हृदय उजवीकडे असल्याचा भास होतो. थंडीने किंवा भीतीने थरथरणाऱ्या रुग्णाला शांत करणे, परक्यासमोर पदर बाजूला करण्यास संकोचणाऱ्या वृद्धेची लाज राखून इलेक्ट्रोड योग्य जागीच लावणे आणि छातीत दुखणारा रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढण्याचा दंडक पाळणे, हे अनुभवी तंत्रज्ञाच्या शेजारी उभे राहूनच अंगवळणी पडते.

उलट दिशेने पाहिले तर नुसत्या सरावाचीही मर्यादा दिसते. इको यंत्रातील डॉप्लर तंत्र रक्तप्रवाहाचा वेग मोजते आणि त्या वेगाच्या वर्गाला ४ ने गुणले की झडपेच्या दोन बाजूंमधील दाबाचा फरक अंदाजे मिळतो. महारोहिणीच्या झडपेतून रक्त सेकंदाला ४ मीटर वेगाने वाहत असेल, तर हा फरक सुमारे ६४ मिलिमीटर पारा येतो आणि झडप गंभीर प्रमाणात अरुंद झाल्याचे ते लक्षण मानले जाते. परंतु ध्वनिलहरींची दिशा प्रवाहाच्या दिशेशी तिरकी राहिली, तर यंत्र खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवते आणि गंभीर रुग्ण सौम्य म्हणून घरी परत जाऊ शकतो. भौतिकशास्त्राचे हे कारण ज्याला उमगलेले नाही, त्याने शेकडो तपासण्या केल्या तरी तीच चूक शेकडो वेळा होत राहील.

या शिक्षणाची गरज जिल्ह्याच्या लोकजीवनातून अधिकच तीव्रतेने जाणवते. विशिष्ट जिवाणूंमुळे होणारी घसादुखी बालपणी उपचाराविना राहिली, तर काही मुलांना संधिवाताचा ताप येतो, त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात आणि तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन ते चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून ऊसतोडणीसाठी जी कुटुंबे दरवर्षी स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांच्या उपचारात असे सातत्य राहणे अत्यंत कठीण असते. अशा मुलाची आधीची इको नोंद स्पष्ट, मोजमापांसह आणि ठरलेल्या पद्धतीने केलेली असेल, तरच पुढील गावातील डॉक्टरांना आजार वाढला की थांबला हे समजते.

शिकणे आणि सेवा करणे यांची सांगड या भूमीला नवी नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या अनेक स्त्रियांना ग्राम आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्या जामखेडला येऊन शिकत, गावी जाऊन ते ज्ञान वापरत आणि तेथील अनुभव घेऊन पुन्हा शिकण्यास येत. या कार्यासाठी आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सहकारी साखर कारखान्यामुळे ज्याचे नाव देशभर पोहोचले त्या प्रवरा परिसरात लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, तेव्हा वैद्यकीय शिक्षणाने खेड्याजवळ जावे हीच भूमिका पुढे गेली.

आज हृदयतपासणी तंत्रज्ञांच्या शिक्षणाला कायद्याचा आधारही लाभला आहे. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणाऱ्या २०२१ च्या कायद्याच्या परिशिष्टात हृदय व रक्तवाहिन्यांच्या तंत्रज्ञांचा समावेश आहे आणि संलग्न आरोग्य व्यावसायिकाच्या पदविका किंवा पदवीसाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २००० तासांचे शिक्षण त्यात सांगितले आहे. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल तंत्रज्ञान पदवीतही तीन वर्षांच्या अध्ययनानंतर एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयात राहून देखरेखीखाली करावयाची सेवा, ठेवलेली आहे. तास ठरले आहेत. ते कोठे आणि कसे खर्ची पडावेत, हे या सभागृहात बसलेल्या अनुभवी मंडळींनी ठरवायचे आहे.

त्या दृष्टीने स्वागत समिती तीन गोष्टी परिषदेपुढे विचारार्थ ठेवत आहे. पहिली, प्रत्यक्षानुभवाचा काही निश्चित काळ मोठ्या रुग्णालयाच्या कॅथलॅबबरोबरच उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत घालवला जावा आणि तो अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मोजला जावा. दुसरी, विद्यार्थ्याच्या कार्यनोंदवहीत तपासण्यांच्या संख्येबरोबर प्रत्येक तपासणीच्या गुणवत्तेवर ज्येष्ठ तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय असावा. तिसरी, शिकवणाऱ्या ज्येष्ठ तंत्रज्ञाच्या वेळेला अध्यापनाचा दर्जा मिळावा आणि आंतरवासितेतील विद्यार्थ्यांना, विशेषतः दूरच्या तालुक्यांत जाणाऱ्या मुलींना, विद्यावेतन व सुरक्षित निवास मिळावा.

पाहुण्यांच्या व्यवस्थेत काही उणे राहिल्यास ते उदार मनाने पोटात घालावे, ही विनंती. परिषदेच्या चर्चेतून निघणारे ठराव विद्यापीठ, राज्य शासन आणि प्रत्येक रुग्णालयाचे व्यवस्थापन यांच्यापर्यंत पोहोचवावेत, आणि येथून परतणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने व तंत्रज्ञाने येत्या वर्षात किमान एका विद्यार्थ्याला आपल्या शेजारी उभे करून मनापासून शिकवावे, असे आवाहन करून स्वागत समिती सर्वांचे पुनश्च स्वागत करते.