त्याच्या आधी काय म्हणाले?



पावसाळ्यातली गोष्ट घ्या. गुरुजी वर्गात सांगतात, "उल्हास नदीला पूर आला, तर शाळेला येऊ नका." एक आळशी पोरगा घरी जातो आणि आईला सांगतो, "गुरुजी म्हणाले, शाळेला येऊ नका." आता पहा, पोराने एकही शब्द पदरचा घातलेला नाही. शब्द गुरुजींचेच. तरीही ते धडधडीत खोटे आहे. आई शहाणी असेल तर ती एवढेच विचारील, "त्याच्या आधी काय म्हणाले रे?"

आजच्या भाषणाचा सारा विषय त्या माउलीच्या प्रश्नात आहे. निवडणूक आली म्हणजे भिंतींवर, हस्तपत्रकांत, दूरदर्शनवर आणि हातातल्या मोबाईलवर अशी तोडलेली वाक्ये फिरू लागतात. त्यांतली पुष्कळशी बाहेरून आलेल्या माणसांविषयी असतात. ते आले म्हणून तुमची नोकरी गेली, ते आले म्हणून नळाला पाणी नाही, असा त्यांचा सूर असतो.

हे मी मोहने गाव डोळ्यांपुढे ठेवून सांगतो आहे. आंबिवली स्टेशनाजवळ, उल्हास नदीकाठी हे गाव. इथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना उभा राहिला. त्याला सारे एनआरसी म्हणत. कोकणातून, देशावरून आणि परप्रांतांतूनही माणसे इथे कामाला आली. चाळीत शेजारीशेजारी संसार थाटले, एकमेकांच्या लग्नांत जेवली. २००९ साली तो कारखाना बंद पडला आणि हजारो घरांची चूल विझायची वेळ आली. हे दुखणे खरे आहे. पण रोजगार गेला तो कारखाना बंद पडला म्हणून; शेजारचा गडी परप्रांतातला होता म्हणून नव्हे. त्याचीही नोकरी त्याच दिवशी गेली! फसव्या जाहिरातीची युक्ती इथेच असते. दुखणे खरे सांगायचे आणि त्याचा पत्ता खोटा द्यायचा.

आपल्याकडे 'ध चा मा करणे' असे म्हणतात. राघोबादादांच्या पत्रातल्या 'धरावे' चे 'मारावे' झाले आणि १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा प्राण गेला, अशी ती प्रसिद्ध कथा. पण ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावे लागते. दुसरी तऱ्हा याहून चलाख. धर्मराज म्हणाला, "अश्वत्थामा मेला," आणि 'माणूस की हत्ती' हे पुढचे शब्द शंखाच्या आवाजात बुडाले. अक्षर बदलले नाही, पण द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले.

या दोन्ही तऱ्हा २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत पाहायला मिळाल्या. एकाच पक्षाचे उदाहरण दिले तर तुम्ही मला कुणाच्या तरी ताटाखालचे मांजर म्हणाल. म्हणून दोन देतो. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी राष्ट्रीय विकास परिषदेत शेती, पाटबंधारे, आरोग्य, शिक्षण, अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्य, स्त्रिया व मुले असे अग्रक्रम सांगितले. मग अल्पसंख्यकांचा, त्यातही मुसलमानांचा उल्लेख करून ते साधनसंपत्तीवरच्या पहिल्या हक्काचे वाक्य बोलले. हा हक्क वर सांगितलेल्या सर्वच अग्रक्रमांचा, असा खुलासा त्यांच्या कार्यालयाने दुसऱ्या दिवशी केला. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राजस्थानातल्या प्रचारसभेत तेच वाक्य 'घुसखोरां'च्या उल्लेखाला जोडून सांगितले. निवडणूक आयोगाने त्या भाषणाबद्दल त्यांच्या पक्षाकडे खुलासा मागितला. सिंगांचा खुलासा तुम्हाला पटो वा न पटो. पण मागचीपुढची वाक्ये ऐकल्यावाचून मत कसे बनवणार?

त्याच महिन्यात गृहमंत्री अमित शहा यांच्या एका भाषणाची चित्रफीत फिरली. तेलंगणातले मुसलमानांचे आरक्षण रद्द करू, असे ते मूळ भाषणात म्हणाले होते. काटछाट केलेल्या चित्रफितीत ते अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांचेच आरक्षण रद्द करणार, असे ऐकू येत होते. ती विरोधी पक्षाच्या काही मंडळींनी पसरवली. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. म्हणजे एकीकडे शंख, दुसरीकडे ध चा मा.

आकड्यांचेही असेच होते. १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या दर १०० रहिवाशांत सुमारे ६४ जण मुंबईबाहेर जन्मलेले होते. एवढेच छापले की वाचणारा म्हणेल, "बापरे, शहर परक्यांनी भरले!" पण त्या बाहेरच्यांत सर्वांत मोठा गट महाराष्ट्राच्याच जिल्ह्यांतून आलेला होता. आपला रत्नागिरीचा चाकरमानी आणि साताऱ्याचा गिरणी कामगारही त्या ६४ मध्येच मोजला गेला! त्याच दशकात 'मार्मिक' साप्ताहिकात कचेऱ्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येत. मराठी मुलांना जागा मिळत नाहीत, ही तक्रार पोकळ नव्हती. पण नुसत्या यादीवरून एकूण जागा किती आणि अर्ज कुणी केले, हे कळत नाही. यादीने राग येतो. उपाय सापडायला पुरा हिशेब लागतो.

शब्दांचीही सरमिसळ होते. बिहारातून किंवा केरळातून आलेला माणूस भारताचा नागरिक आहे. राज्यघटनेच्या १९ व्या कलमाने त्याला देशात कुठेही राहण्याचा हक्क दिला आहे, जसा तो आपल्या मुलाला बंगळूरला आहे. कागदपत्रांवाचून परदेशातून आलेल्याचा प्रश्न वेगळा. त्याचा निकाल कायद्याने लागायचा, गल्लीतल्या जमावाने नव्हे. जाहिरात या दोघांना एकाच पोत्यात भरते. त्याचा परिणाम आपल्या भागाने पाहिला आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये रेल्वेच्या भरती परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय तरुणांना मुंबई परिसरात मारहाण झाली आणि त्याच आठवड्यात कल्याणातही दगडफेक झाली. रेल्वेच्या भरतीत मराठी मुलांना डावलतात, या तक्रारीवर बोलायला जागा होती. पण परीक्षेला आलेल्या पोराच्या डोक्यात दगड घालून तिचा निकाल लागत नाही. आणि कल्याणशेजारचे उल्हासनगर आठवा. फाळणीत सिंधमधून उखडून आलेल्यांच्या छावणीला १९४९ साली हे नाव मिळाले. कालच्या छावणीत आज आपण लग्नाचे कापड घ्यायला जातो.

मग करायचे काय? हातात निवडणुकीचे पत्रक आले तर आधी खालची बारीक ओळ पहा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-अ कलमानुसार त्यावर छापणाऱ्याचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे. नसेल, तर त्या कागदाला बापच नाही असे समजा. मोबाईलवरच्या मजकुराला तर बहुधा नाव-गावच नसते. तो पुढे ढकलण्याआधी चार प्रश्न विचारा. हे कोण बोलले? कुठे आणि केव्हा? त्याच्या आधी आणि नंतर काय म्हणाले? आणि आकडा असेल तर कितीपैकी किती?

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. आठवड्यातून एक तास वर्तमानपत्रातले एक वाक्य निम्मे फळ्यावर लिहा आणि मुलांना त्याचा अर्थ विचारा. मग उरलेले निम्मे लिहा. मुले हसतील, आणि पुन्हा फसणार नाहीत. त्या वर्गात परप्रांतातून आलेल्या बापाचा मुलगाही बसलेला असेल. बाहेर भिंतीवर त्याच्या बापाविषयी काय लिहिले आहे, ते त्याने वाचलेले असते. वर्गात पुरे वाक्य वाचायची रीत आहे, हे त्याला दिसले तर तो मान वर करून बसेल.

मत कुणालाही द्या. तो तुमचा हक्क. पण अर्ध्या वाक्यावर देऊ नका. एवढे सांगून आपली रजा घेतो. राम राम.