शुश्रूषा करणाऱ्यांचे हात



इस्पितळात आपण जातो ते रोगी म्हणून, नाहीतर रोग्याचा डबा घेऊन. खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेलाही तेथे इजा होत असेल, हे सहसा आपल्या मनात येत नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते तिच्या हातांविषयी.

शस्त्रक्रियेच्या वेळचे रबरी हातमोजे रोग्याच्या रक्षणासाठी निघाले, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. वस्तुस्थिती निराळी आहे. १८८९ च्या सुमारास अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात पाऱ्याच्या जंतुनाशक द्रावणाने सोलवटून निघू लागले. शल्यविशारद हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. (१८९० साली त्या दोघांचा विवाह झाला, हेही जाता जाता सांगून टाकतो.) मोज्यांनी रोग्याचाही बचाव होतो, हे पुढे ध्यानात आले.

परंतु ज्या रबराने एका परिचारिकेचे हात वाचवले, त्यानेच पुढे कित्येकींना पिडले. एड्सच्या भीतीने १९८० नंतर मोज्यांचा वापर अतोनात वाढला. रबराच्या चिकातील प्रथिने काहींच्या प्रकृतीला सोसत नाहीत. प्रथम खाज सुटते, अंगावर गांधी उठतात. मग शिंका, धाप, आणि क्वचित प्रसंग प्राणावर बेततो. मोजा चटकन चढावा म्हणून आत मक्याच्या पिठाची भुकटी लावीत. ती उडाली की प्रथिने तिच्याबरोबर हवेत जात, आणि ज्याने मोजा घातलेलाच नाही त्यालाही धाप लागे. भुकटीच्या मोज्यांवर अमेरिकेतील बंदी अमलात आली ती जानेवारी २०१७ मध्ये! आता नायट्रिल या कृत्रिम रबराचे मोजे मिळतात.

सुईला मात्र कोणताच मोजा अडवू शकत नाही. वापरलेली सुई टोचली, तर एड्सच्या विषाणूची लागण हजारात सुमारे तिघांना होते. हिपॅटायटिस 'बी' ची मात्र, लस न घेतलेल्या शंभरांपैकी तिसांपर्यंत होऊ शकते. आपण भितो पहिल्याला, आणि घात करू शकतो दुसरा. त्यावर लस आहे. आपल्याकडील २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी ती कचरा हाताळणाऱ्या सर्वांना देणे इस्पितळावर बंधनकारक केले. सुया टाकण्यासाठी न भोसकणारा पांढरा डबाही त्याच नियमांत सांगितला आहे. सुई त्या डब्यात न जाता पिशवीत पडली, तर ती टोचते झाडूवाल्या मावशींना. कोणत्या रोग्याची, हे त्यांना कोण सांगणार?

टोचल्याबरोबर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, तोंडात घालू नये, आणि तत्काळ कळवावे. एड्सचे प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितके लवकर सुरू व्हावे लागते. त्याच नियमांनी सुई टोचण्याला 'मोठ्या अपघाता'तून वगळले आहे. असे अपघात वर्षाच्या अहवालात दाखवायचे. पण अहवालात जायला आधी कोणीतरी सांगायला हवे. मावशी कंत्राटदाराच्या हाताखाली रोजावर असतात. सांगायला गेल्या तर अर्धा दिवस मोडतो, आणि बोटावरचा ठिपका संध्याकाळपर्यंत दिसेनासाही होतो.