घरकामाचा भाव कोणी ठरवावा?

(वडूज येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मोलकरीण नव्या घरी काम धरायला जाते तेव्हा उंबऱ्यातच तिला पहिला प्रश्न विचारला जातो, "किती घेशील?" वरवर पाहता हा प्रश्न तिच्या स्वातंत्र्याचा मान राखणारा वाटतो. प्रत्यक्षात तो तिला कोंडीत पकडणारा आहे. तिने आकडा जास्त सांगितला तर काम हातचे जाते. कमी सांगितला तर तोच आकडा पुढची काही वर्षे तिच्या गळ्यात पडतो. म्हणून ती बहुधा आकडा सांगतच नाही. "बाई, तुम्हीच काय ते द्या," एवढेच म्हणते. मग मालकीण शेजारच्या घरी काय देतात याची चौकशी करून येते. शेजारणीनेही तो आकडा आपल्या शेजारणीकडूनच उचललेला असतो. गावाचा भाव ठरतो तो असा. त्यात कामाचे माप नसते, वेळेचा हिशेब नसतो, महागाईची दखल तर नसतेच.

वडूजच्या कष्टकरी स्त्रीला मापाची ओळख नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. खटाव-माण हा अवर्षणाचा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर येथील बायकांनी माती उपसली, खडी फोडली, पाझर तलावांचे बांध घातले. या योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे शेजारच्या सांगली जिल्ह्यातील तासगावचे. तिचा कायदा १९७७ साली विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या कामांना दरपत्रक होते. जमीन मऊ आहे की मुरमाड, माती किती लांब वाहून न्यायची, किती उंच चढवायची, याप्रमाणे दर बदलत असे. आणि त्याच मापाच्या कामाला बाईला एक व पुरुषाला दुसरा असा दर नव्हता. मापात चोरी होई, पगार महिनोन्महिने थकत, त्यासाठी कचेरीवर मोर्चे न्यावे लागत, हे सर्व खरे. पण भांडायला हातात काहीतरी कागद होता. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली मोजून दाखवता येत होती.

तीच बाई घरकामाला गेली की माप नाहीसे होते. केर-फरशी हे एक काम, भांडी हे दुसरे, धुणे हे तिसरे, आणि दर 'कामा'वर. परंतु दोन खोल्यांची फरशी हेही एक काम आणि माडी-अंगणासह आठ खोल्यांची फरशी हेही एकच काम. नळाला रोज पाणी येत नसेल तर हौदातून बादल्या भरून माडीवर कोण नेते? बांधाच्या कामावर या चढाला वेगळा दर मिळाला असता. घरात त्याला 'जरा वरचेवर बघ' असे म्हणतात. पाहुणे आले की भांडी दुप्पट होतात. सणापूर्वी जाळी-जळमटे, पंखे, खिडक्या, माळ्यावरचे डबे हे सारे त्याच महिन्याच्या पगारात बसवले जाते.

याच तालुक्यातील एखाद्या कुटुंबाचे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे. भाऊ मुंबईच्या बाजारात माथाडी, बहीण वडूजला चार घरची धुणीभांडी करते. भावाच्या पाठीवरच्या पोत्याला भाव आहे. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यानुसार मजुरी व्यापाऱ्याने हमालाच्या हातावर टेकवायची नसते. ती मंडळाकडे भरायची असते, आणि तिच्यावर लेव्ही म्हणून जादा रक्कम भरायची असते. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस आणि आजारपणाची तरतूद उभी राहते. म्हणजे पोते उचलण्याच्या भावात उद्या पोते न उचलता आलेल्या दिवसाचाही भाव धरलेला असतो. बहिणीच्या भावात फक्त आजचा दिवस आहे. ती तापाने पडली तर खाडा कापला जातो. दोघांच्याही कामात अंगमेहनतच आहे. फरक आहे तो मंडळाचा.

हा फरक केवळ कायद्याच्या उणिवेतून आलेला नाही. गावगाड्यात घर-अंगण झाडणे, लाकडे फोडणे, सांगावा पोचवणे या कामांना बलुत्याचे धान्य आणि उरलेली भाकरी हाच मोबदला होता. त्यात भाव ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. जातीने काम ठरवले होते आणि देणाऱ्याच्या मर्जीने माप. कनिष्ठ वतने १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, पण ती हिशेबाची रीत स्वयंपाकघराच्या मागल्या दाराने टिकून राहिली. आजही रात्रीचे उरलेले कालवण आणि वापरलेली साडी पगारात धरणारी सुशिक्षित घरे आहेत. "आम्ही तिला घरच्यासारखे वागवतो," असे ती सांगतात. घरच्या माणसाचा खाडा मात्र कोणी कापत नाही.

आता आकड्याकडे यावे. २०२५-२६ साली महाराष्ट्रात मनरेगाच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तो भरपूर होता असे कोणीच म्हणणार नाही. दुसरे काम न मिळालेल्याला दिलेला तो तळाचा दर. आठ तासांनी भागले तर तासाला ३९ रुपये पडतात. एका घरी केर-फरशी आणि भांडी यांना रोज दीड तास लागतो असे धरले, तर महिन्याचे ४५ तास होतात आणि रक्कम १,७५५ रुपये होते. एका घरून दुसऱ्या घरी जाण्याचा पाव तास मोजला की ती २,०४७ रुपयांवर जाते, कारण त्या पाव तासात ती दुसरे काही कमावू शकत नाही. आठवड्याची एक पगारी सुटी धरावी, म्हणजे तीस दिवसांचा पगार सव्वीस दिवसांच्या कामाला. दिवाळीला एक पगार बोनस धरावा, म्हणजे वर्षाचे तेरा पगार. ही मागणी अवाजवी नाही; कारखान्यात आणि कचेरीत याला कोणी उपकार म्हणत नाही. हा हिशेब एका घराचा, दीड तासाचा आणि तळाच्या दराचा आहे. वडूजमध्ये प्रत्यक्ष काय दिले जाते ते कार्यकर्त्यांनी घरोघर विचारून लिहून आणावे आणि या आकड्याशेजारी मांडावे.

एक आक्षेप नेहमी येतो. एखादी वृद्ध विधवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर जगते, तिने एवढे कोठून द्यावे? आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर तासांची संख्या कमी करणे हे आहे, तासाचा भाव पाडणे हे नव्हे. ती वाणसामान कमी घेते. वाण्याला साखरेचा भाव उतरवायला सांगत नाही.

भाव ठरवण्याचा मार्ग कोणता, हे पुण्याच्या मोलकरणींनी १९८० साली दाखवून दिले. आजारपणाची रजा आणि पगारवाढ यांसाठी त्यांनी उत्स्फूर्तपणे काम बंद केले, आणि त्यातून लाल निशाण पक्षाच्या लीला भोसले आदी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. एकेक बाई एकेका दारात जे मागू शकत नव्हती, ते साऱ्या जणींनी मिळून मागितले. उंबऱ्यातला तो प्रश्न तेथे उलटा फिरला: बायांनीच विचारले, आमच्या आजारपणाचे तुम्ही काय देता?

सरकारची गती यापेक्षा मंद. राज्यसभेत १९५९ साली पां. ना. राजभोज यांनी घरेलू कामगारांच्या सेवाशर्तींचे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात नोंदणी आहे, काही अर्थसाहाय्य आहे. २०२१ च्या टाळेबंदीत नोंदीत कामगारांना १,५०० रुपये जाहीर झाले. पण वेतन ठरवण्याची सोय त्या कायद्यात नाही. शेजारच्या कर्नाटकाने २००४ सालीच घरकामाला किमान वेतन लागू केले होते. २०१९ ची वेतन संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यातील 'आस्थापना' या शब्दात खाजगी घर बसते की नाही, या एका प्रश्नावर मोलकरणीची बाजू अधांतरी आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. करार मात्र अजून स्वीकारलेला नाही.

पुण्याचा मार्ग वडूजला जसाच्या तसा चालेल असे नाही. तालुक्याच्या गावी मालकीण अनोळखी नसते. ती मुलाची शिक्षिका असते, दिराच्या दाव्यातील वकिलाची पत्नी असते, अडीनडीला उसने देणारी असते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर चालून गेलेल्या मोर्चाने गोळ्या झेलल्या, याचा या गावाला अभिमान आहे आणि तो असावाच. परंतु ज्या बाईच्या हाती मुलाचे प्रगतिपुस्तक आहे तिच्यासमोर उभे राहून शंभर रुपये वाढवून मागणे हे धैर्य वेगळ्या जातीचे आहे. त्याचा भार एकटीवर टाकता कामा नये. म्हणूनच दर सभेत ठरावा, लेखी असावा आणि सर्वांना माहीत असावा. मग घरोघर मोलकरणीने आकडा सांगायचा नसतो. आकडा तिच्या आधीच पोचलेला असतो.

आणि सुरुवात परक्यांच्या घरांपासून करू नये. पक्षाच्या हितचिंतकांत नोकरदार कुटुंबे बरीच आहेत. ज्या घरी बैठका भरतात त्या घरच्या कपबशा दुसऱ्या दिवशी कोण विसळते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या घरांनी तासांचा हिशेब, पगारी सुट्या आणि बोनस हे आधी आपल्या वहीत लिहावे. तसे झाल्याशिवाय दरपत्रक घेऊन गेलेल्या कार्यकर्त्याला बाजारपेठेतील एखादा दुकानदार हसून परत पाठवील, आणि त्याचे हसणे रास्तच असेल.

सभेची वेळ संध्याकाळची ठेवू नये. त्या वेळी या बाया दुसऱ्या खेपेच्या भांड्यांवर असतात. दुपारी दोन ते चार एवढाच वेळ त्यांना मोकळा मिळतो. दर दिवाळीपूर्वी दोन महिने जाहीर झाला पाहिजे, कारण साफसफाईचे काम तेव्हाच वाढते आणि त्या दिवसांत कोणतेही घर मोलकरणीला सहजासहजी सोडत नाही.