पिकअपच्या टाकीत करंजाचं तेल?

(चंद्रपूर-गडचिरोली जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापसाच्या खरेदीवर आणि ज्वारीवर बोलणं झालं. मला दिलेला विषय गाडीच्या टाकीचा आहे. त्याचा शेतीशी काय संबंध, असं कोणाच्या मनात आलं असेल तर त्याने मंडपाबाहेर नजर टाकावी. मी आत येताना बाहेर एकही बंडी पाहिली नाही. पिकअप मात्र ओळीने उभ्या आहेत. कापूस वरोऱ्याला जातो तो पिकअपने, हिंगणघाटला जातो तो पिकअपने आणि हप्ता भरायचा तोही कापसातूनच. त्यामुळे टाकीत काय पडतं हा शेतीचाच प्रश्न आहे.

गेल्या वर्षी आमच्या भाच्याने नवी गाडी घेतली. मार्गावर एका ठिकाणी 'बायोडिझेल' म्हणून डिझेलपेक्षा बरंच स्वस्त काहीतरी मिळत होतं. ज्याला लिटरमागे दहा-पंधरा रुपये वाचतात त्याला शहाणपण शिकवायला कोण जाणार? तीन-चार टाक्या ठीक गेल्या. मग दिवा लागला, गाडीचा जोर गेला आणि भर हंगामात, मागे कापूस भरलेला असताना, गाडी चढावर उभी राहिली. चारही इंजेक्टर गेले. दुरुस्तीचं बिल कापसात मोजलं तर दहा क्विंटलच्या वर. वॉरंटीचं विचारलं तर उत्तर आलं, टाकीतला नमुना दाखवा. तो दाखवला आणि विषय तिथेच संपला.

भाच्याची चूक झाली हे खरं. पण त्याला फसवणाऱ्याने बायोडिझेल हे नाव वापरलं, आणि त्या नावामागे एक खरी वस्तू आहे. ती आपल्या धुऱ्यावरच्या झाडातून निघू शकते. म्हणून खरं काय, खोटं काय, हे नीट समजून घेऊ.

हे इंजिन ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या डिझेलच्या हयातीतच, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात, असं एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. म्हणजे तेलबियांवर इंजिन चालतं यात नवल काही नाही. आपल्याकडेही चाललेलं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले डॉ. उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळी या कोरडवाहू गावात करंजाच्या तेलावर जनित्रं चालवली आणि त्यावर विहिरीचं पाणी उपसलं. तिकडे करंजाला होंगे म्हणतात. तेल नुसतं गाळून घेतलेलं, त्यावर दुसरी कसली प्रक्रिया नाही.

मग ते पिकअपमध्ये का चालू नये?

आपलं जुनं पाच अश्वशक्तीचं पंपाचं इंजिन आठवा. त्याचा नोझल डिझेल फवारतो तो दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोनशे किलोच्या दाबाने. नव्या पिकअपमध्ये हाच दाब सोळाशे किलोच्या घरात जातो. तुमच्या टायरमध्ये चार-पाच किलो हवा असते, त्यावरून अंदाज करा. एवढ्या दाबाने तेल जातं ती छिद्रं अतिशय बारीक असतात. करंजाचं कच्चं तेल डिझेलच्या दहा पट घट्ट. जुन्या इंजिनाने ते कसंबसं पचवलं, फार तर महिन्याला नोझल उघडून काजळी खरवडली. नव्या गाडीत ती सोय नाही.

ही घट्टाई घालवण्यासाठी बायोडिझेल करतात. तेलात पाचवा हिस्सा मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून गरम ठेवून ढवळलं की खाली ग्लिसरीन बसतं आणि वर राहतं ते बायोडिझेल. ऐकायला सोपं आहे. पण आपलं करंज आणि मोहाचं बी पावसात भिजलेलं, महिनाभर पोत्यात पडलेलं असतं. त्याच्या तेलात आंबटपणा चढतो. त्यात कॉस्टिक टाकला की बायोडिझेलऐवजी साबण होतो. आधी आम्लाची प्रक्रिया करून तो आंबटपणा काढावा लागतो, शेवटी धुऊन पाण्याचा अंशही काढावा लागतो. आणि मिथेनॉल हे विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. घराच्या पडवीत करायचा हा उद्योग नाही, हे मायबहिणींनी विशेष लक्षात ठेवावं. पोरं तिथेच खेळत असतात.

नीट केलेलं बायोडिझेल मात्र नव्या इंजिनातही चालतं. २००४ साली भावनगरच्या केंद्रीय प्रयोगशाळेने केलेल्या मोगली एरंडाच्या बायोडिझेलवर दोन मर्सिडीज गाड्या देशभर हजारो किलोमीटर फिरल्या. पण ती गाडी आणि आजची आपली गाडी यांत एक फरक पडला आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारी जाळी आली. ती जाळी भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, आणि त्यासाठी इंजिन थोडं जास्तीचं इंधन उशिरा सोडतं. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीला लागून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिझेल असेल तर गरम ऑइलमधून ते बरंचसं उडून जातं. बायोडिझेल जड, ते उडत नाही, तिथेच साचतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग घासायला लागतात. तेव्हा डीपस्टिकवर ऑइल कमी झालं की आपण घाबरतो, तसं ते वाढलं तरी घाबरायचं. ऑइल आपोआप वाढत नसतं.

आणखी दोन गोष्टी. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या टाक्यांत फिल्टर तुंबतो. आणि ते हवेतला ओलावा धरतं, ठेवलं की खराब होतं. आपली गाडी हंगामात पळते आणि पावसाळ्यात महिना महिना उभी असते, त्या सवयीला हे इंधन मानवत नाही. मोहाच्या तेलाचं तर विचारूच नका. पौषातल्या थंडीत मोहाचं तेल बाटलीत कसं थिजतं ते गडचिरोलीच्या माणसाला सांगायला नको. त्याचं बायोडिझेलही थंडीत लवकर दाटतं.

मग किती चालतं? आपल्या देशाच्या डिझेलच्या मानकातच सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेलला परवानगी आहे. तेवढं चालतं. त्याच्या वर जायचं तर गाडीचं पुस्तक उघडा, त्यात लिहिलेलं असतं. पुस्तकात नसेल तर करू नका. निव्वळ बायोडिझेलचंही भारतीय मानक आहे, आयएस १५६०७. केंद्र सरकारने २०१९ साली किरकोळ विक्रीचे नियम काढले, ते डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच्या बायोडिझेलचे. जो टाकी मांडून बसला आहे त्याला परवाना आणि तपासणीचा कागद मागा. मागितल्यावर तो हसला, तर गाडी पुढे काढा.

आता पैशाकडे येतो.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने सांगितलं, पडीक जमिनीवर मोगली एरंड लावा. एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीची गोष्ट होती. २००९ च्या धोरणात तर २०१७ पर्यंत डिझेलमध्ये वीस टक्के बायोडिझेल असेल असं ठरलं. प्रत्यक्षात एक टक्काही झालं नाही. पडीक जमिनीवर पाणी-खताविना भरघोस बी येईल हे शहरातल्या टेबलावर बसून लिहिलं होतं. ज्यांनी विश्वासाने रोपं लावली त्यांनी पाच-सहा वर्षांनी ती उपटली. त्या वर्षांची मजुरी कोणी भरून दिली? २०१८ च्या धोरणाने तोच आकडा पाच टक्क्यांवर आणून २०३० चं वर्ष घातलं.

करंजाचा हिशेब आपण इथेच करू. साध्या घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण चार किलो बी लागतं. २०२० साली केंद्राने करंजाच्या बियांचा आधारभूत भाव किलोला २२ रुपये केला. म्हणजे ८८ रुपयांचं नुसतं बी झालं. वर घाण्याची मजुरी, मिथेनॉल, कॉस्टिक, जळण, वाहतूक. पंपावरचं डिझेल नव्वदच्या आसपास. आणि बायोडिझेलच्या एका लिटरमध्ये डिझेलपेक्षा ताकदही थोडी कमी. मग रस्त्यावर पंचाहत्तर रुपयांना विकलं जातं ते काय असेल? ते करंजाचं असेल तर बी गोळा करणाऱ्या बाईला काय मिळालं असेल?

एक बाजू राहिली, ती पेंडीची. चार किलोतून जवळजवळ तीन किलो पेंड उरते. ती जनावराला चालत नाही, पण शेताला उत्तम खत आहे. पेंडीला तुमच्या तालुक्यात काय भाव आहे तो घाला आणि हिशेब पुन्हा मांडा. मला तरी असं दिसतं की या धंद्यात तेलापेक्षा पेंडच आपल्या जास्त कामाची आहे. सरकीचं तसंच आहे. सरकीचं तेल खाण्याचं, त्याला डिझेलपेक्षा जास्त दाम मिळतो, ते कोण जाळेल? आणि मोहाच्या टोळीच्या तेलात कितीतरी घरांची भाजी शिजते. शिवाय टोळ पडतो ऐन पेरणीच्या तोंडावर. तेव्हा माणूस कुठून आणायचा?

जिवतीचा डोंगर उतरून पलीकडे गेलं की जुना आदिलाबाद जिल्हा लागतो. तिथे जैनूरजवळ पॉवरगुडा नावाचा गोंडांचा पाडा आहे. तिथल्या बचतगटाच्या बायांनी करंजाची रोपं लावली, गावात तेलाचा घाणा आला. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक बँकेने त्यांना १४७ टन कार्बन डायऑक्साइडच्या बदल्यात ६४५ डॉलर दिले. तेव्हाचे सुमारे तीस हजार रुपये. रक्कम मोठी नव्हती. पण त्या बायांनी बी विकून मोकळं होण्याऐवजी गावात गाळलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे तर २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य झालेला आहे. मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः हातात घेतले. बांबूचं जे झालं ते करंजाच्या बियांचं का होऊ नये? ज्या ग्रामसभांच्या जंगलात करंज आहे त्यांनी यंदा बी किती निघतं ते आधी मोजावं. घाणा एका गावाला परवडणार नाही, पाच-सहा गावांना परवडेल. गाळलेलं तेल जुन्या पंपावर वापरून पाहावं, पेंड कपाशीला घालावी. उरलेलं तेल कारखान्याला विकावं, बायोडिझेल करण्याची जोखीम कारखान्याने घ्यावी. धुऱ्यावर करंज जरूर लावा, पण कापूस-ज्वारीचं वावर मोडून लावू नका.

माझं बोलणं झालं. चहा येतोय, तोवर बाहेर चला. मिस्त्रीला मुद्दाम बोलावून घेतलं आहे. ज्यांच्या गाड्या बीएस-६ आहेत त्यांनी गाडी सपाट जागी लावून बॉनेट उघडून ठेवा. इंजिन थंड झालेलं आहे, एकेकाची डीपस्टिक काढून बघू.