दुबईची बॅग भरताना

आम्ही माहीमहून बोलतोय. माहीम कोळीवाड्यातल्या बचत गटांच्या बायांनी किनाऱ्यावर चालवलेला सी-फूड प्लाझा तुमच्यापैकी काही जणींनी मोबाइलवर पाहिला असेल. तो आमच्या शेजारणींचा. आमचा गट मसाल्यांचा. आम्ही दहा जणी आहोत. मालवणी मसाला, गोडा मसाला, मेतकूट आणि उन्हाळ्यात पापड, असे आमचे काम. परवा रात्री आमच्यातल्या दोघी विमानाने दुबईला निघणार आहेत. पाच दिवसांचे काम आहे. तिथल्या करामा आणि बर दुबई भागात आपल्या लोकांची वस्ती आणि दुकाने पुष्कळ आहेत. त्यातल्या तीन दुकानदारांना आमच्या मसाल्याचे नमुने दाखवायचे, भाव बोलायचा आणि परत यायचे. एवढ्यासाठी गेले पाच महिने आम्ही काय काय केले, ते आज सांगणार आहोत. कारण तुमच्या गटालाही असा फोन कधीतरी येईल.

पहिला प्रश्न जाणार कोण, हा होता. एक म्हणाली, जिला इंग्रजी येते ती जाऊ दे. दुसरी म्हणाली, दुकानदार मराठीच आहे, इंग्रजी कशाला? दोन बैठका यातच गेल्या. शेवटी ठरले ते असे: एक मसाला जाणणारी आणि एक हिशेब जाणणारी. मसाला जाणणाऱ्या आमच्या मोठ्या ताई, शिक्षण आठवी, पण मिरची हातात घेतली की ती बेडगी की संकेश्वरी आणि यंदाची की मागच्या वर्षीची, हे त्या नुसत्या वासावरून सांगतात. हिशेबाला आमची सचिव. मग लक्षात आले की बँकेच्या खात्यावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघींच्या सह्या आहेत, त्यातल्या दोन लागतात. मोठ्या ताईच आमच्या अध्यक्ष. त्या दोघी गेल्या तर मागे एकच सही उरते. त्या आठवड्यात कुणाच्या घरी आजारपण निघाले आणि कर्ज द्यायची वेळ आली, तर गटाने हात वर करायचे का? म्हणून सचिवाऐवजी तिच्या हाताखाली वह्या लिहिणारी आमची धाकटी जायचे ठरले. तुमच्या गटात सह्या कुणाच्या आहेत ते आजच बघून ठेवा.

पैशांवरून आवाज चढले, ते लपवत नाही. तिकिटे, व्हिसा, राहणे, जेवण असे दोघींचे मिळून सव्वा लाखाच्या आत बसेल, असा अंदाज निघाला. आमच्यासाठी ही रक्कम म्हणजे दोन हंगामांची मिरची. एक जण सरळ म्हणाली, ऑर्डर नाही मिळाली तर माझ्या मुलीच्या फीचे पैसे समुद्रात गेले. तिचे चुकीचे नव्हते. गिरगावात 15 मार्च 1959 ला सात बायांनी गच्चीवर पापड लाटायला घेतले, ते 80 रुपयांच्या उसनवारीवर. त्याचाच पुढे लिज्जत झाला आणि आज तो परदेशात जातो. आम्हाला ही गोष्ट फार आवडते, सगळ्यांनाच आवडते. पण 80 रुपये बुडाले असते तर काय, हा हिशेब त्या सात जणींनीही मनात केलाच असणार. आम्ही तो वहीत केला. गटाच्या नफ्यातून ठरावीक रक्कम काढायची, ती बुडाली तरी कुणाची बचत आणि कुणाचे कर्ज अडणार नाही एवढीच, आणि त्यावर एक रुपयाही नाही. तसा ठराव लिहून दहाही जणींच्या सह्या घेतल्या. फीवाल्या मैत्रिणीने सही केली, पण वही बंद करताना म्हणाली, “परत आल्यावर पहिले बिल मी बघणार.” बघ बाई, तुझा हक्कच आहे.

आता पासपोर्ट. आमच्या दोघी लोअर परळच्या केंद्रात गेल्या, पण तुम्हाला त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. बऱ्याच जिल्ह्यांत मोठ्या पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, 36 पानी पुस्तिकेची साधी फी 1,500 रुपये, मग ठरलेल्या दिवशी मूळ कागद घेऊन जायचे, आणि नंतर पोलीस तपासणी होते. पासपोर्ट दहा वर्षे चालतो. लग्नाचा दाखला हवाच, असे अजून पुष्कळ जणी सांगतात. 2016 च्या शेवटी नियम बदलले, तेव्हापासून ती अट गेली. खरा घोळ नावाचा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, पॅनवर मधले नाव गायब, असे आपल्याकडे घरोघरी असते. ताईंचे तीन कागद तीन बायकांचे वाटावेत असे होते. आधी ती नावे एकसारखी करून घेतली, मग अर्ज भरला. यातच दोन महिने गेले. तुम्हाला कुठेही जायचे नसेल तरी एवढे काम करून ठेवा.

ताई दहावी नाहीत, म्हणून त्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा आला. याचा अर्थ, ठरावीक 18 देशांत नोकरीला जायचे तर आधी सरकारची परवानगी लागते, आणि दुबई ज्या देशात आहे ते अमिरात त्यात येते. दहावी पास झालेलीला किंवा वयाची पन्नाशी ओलांडलेलीला हा शेरा लागत नाही. ताई नोकरीला चाललेल्या नाहीत, म्हणून त्यांना ती परवानगी लागत नाही. पण विमानतळावर प्रश्न विचारतील, म्हणून परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेची पावती आणि दुकानदाराचे पत्र वरच्या कप्प्यात ठेवले आहे. इथे जरा थांबून सांगतो. गावोगाव असे एजंट फिरतात की, आत्ता व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर घरकामाची नोकरी लावून देतो. व्हिजिट व्हिसावर तिथे काम करणे गुन्हा आहे, आणि अडकलेल्या बाईकडे मग दाद मागायला कागद नसतो. ईसीआर शेरा असलेल्या तीस वर्षांखालच्या बाईला त्या देशांत घरकामासाठी परवानगीच मिळत नाही. कुणी मिळवून देतो म्हणाला, तर तो खोटे बोलतोय. नोंदणी असलेला एजंट कोण, ते सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ या संकेतस्थळावर दिसते. शेजारपाजारच्या मुलींना हे जरूर सांगा. आमच्या दोघीही याच कारणाने तिथे एक पुडीसुद्धा विकणार नाहीत, फक्त नमुने दाखवणार.

आणि आता खसखस! आपल्या मालवणी मसाल्यात खसखस, गोड्या मसाल्यात खसखस, अनारशावर खसखस. आणि अमिरातीत खसखस न्यायला बंदी, कारण ती अफूच्या झाडाचे बी. नकळत नेली तरी माणूस पकडला जाऊ शकतो. धाकटीने बंदी असलेल्या वस्तूंची यादी मोठ्याने वाचली, तेव्हा ताईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेला मसाला, त्यातून खसखस काढायची म्हणजे काय! पण काढली. पहिल्या खेपेला रश्शाला दाटपणा येईना. दुसऱ्या खेपेला पांढरे तीळ भाजून घातले, तर तिळाचाच वास पुढे आला. तिसऱ्या खेपेला तीळ निम्मे केले, धणे वाढवले, सुके खोबरे जरा जास्त लालसर भाजले. त्या मसाल्यात सुरमईचे कालवण केले आणि दहा घरी वाट्या पाठवल्या. सात घरांत फरक कळला नाही, दोन घरांनी बरा म्हटले, आणि ताईंच्या यजमानांनी “आज काहीतरी विसरलीस” म्हटले. त्यांची जीभ पस्तीस वर्षांची आहे, ती सोडून द्या.

एवढ्यावर भागत नाही. ज्या डंकावर आम्ही मसाला कुटतो, तिथे आधी दुसऱ्या कुणाचा खसखशीचा मसाला झालेला असतो. म्हणून सकाळी डंक धुऊन, सुकवून, पहिला घाणा आमचा लावला. पिशव्या नव्या घेतल्या. बाजाराची जुनी पिशवी बॅगेत टाकायची नाही, कारण शिवणीत दाणे अडकलेले असतात. खोकल्याची औषधे आणि तीव्र वेदनाशामक गोळ्याही तपासून घेतल्या. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेल्या औषधांवर तिथे कडक नियम आहेत. ताईंच्या गुडघ्याच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवून, इंग्रजीत चिठ्ठी घेऊन मूळ पाकिटातच ठेवल्या आहेत. सुके खोबरे अख्खे न्यायचे नाही, त्यातल्या तेलामुळे विमानात ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात.

सुकट आणि बोंबलाची चटणीही न्यायची एकीची फार इच्छा होती. मासळीच्या निर्यातीला एमपीडाची नोंदणी आणि आरोग्याचा दाखला लागतो. तो वेगळा डोंगर आहे, यंदा चढायचा नाही असे ठरवले. मसाल्याची ऑर्डर मिळाली तर आयात-निर्यात कोड काढायचा, त्याची सरकारी फी 500 रुपये. अन्नसुरक्षेचा केंद्रीय परवाना घ्यायचा. आणि दुकानात ठेवायच्या पाकिटावर अरबी लेबल. ते कागद चौकशी करून तयार ठेवलेत.

घरचे काय, हे तुम्ही विचारणारच. आम्हाला वाटले होते, ताईंच्या घरून विरोध होईल. झाला तो धाकटीच्या घरून. तिच्या सासूबाईंना साखरेचा त्रास, सकाळी इन्सुलिन असते. नणंद यंदा बारावीला. दुकानदाराने फेब्रुवारी सांगितला होता, ऐन परीक्षेचा महिना. धाकटी म्हणाली, “मी नाही जात.” कुणी तिला आग्रह केला नाही. बोर्डाचे वेळापत्रक जाहीर झालेले होते. ते समोर ठेवून आम्ही दुकानदाराला फोन लावला की, जानेवारीत येऊ का? तो म्हणाला, “या की, मला काय!” इतके सोपे निघाले. सासूबाई तरी गप्प बसेनात. एकटी सून परदेशात, लोक काय म्हणतील, कुंकू-मंगळसूत्राचे काय, खायचे काय? हे प्रश्न जुनेच. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये नवऱ्याशिवाय अमेरिकेला निघाल्या, तेव्हा त्यांनाही हेच विचारले होते, आणि वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून एकेका प्रश्नाचे उत्तर दिले होते. आमच्या धाकटीने सभा घेतली नाही. तिने सासूबाईंना डंकावर आणून बसवले आणि तीळ किती घालू, ते त्यांनाच विचारले. दोन दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या, इन्सुलिन मुलगा देईल, त्याला शिकव. तो शिकला. गेले पंधरा दिवस तोच देतोय, धाकटी नुसती बघत उभी राहते. जायच्या आदल्या दिवशी शिकवले असते तर त्याचा हात थरथरला असता.

ताईंच्या यजमानांना चहापलीकडे काही येत नव्हते. आता वरण-भात येतो. फोडणी अजून करपते. पाच दिवस शेजारणींनी डबे द्यायचे, असा बेत आधी होता, तो ताईंनीच मोडला. म्हणाल्या, “डबे दिले तर हा माणूस पुढच्या वेळीही डब्याचीच वाट बघेल.”

नात्यातल्या बायांनी सोन्याची यादी दिली आहे. कुणाला बांगड्या, कुणाला चेन. तिकडून सोने आणायची करमाफी वर्षभराहून जास्त परदेशात राहून परतणाऱ्यांना असते, पाच दिवसांसाठी जाणाऱ्यांना नाही. त्यामुळे ती यादी देवघरात ठेवली आहे. खजूर आणतील.

आमच्या माहीमचा मोठा रस्ता म्हणजे लेडी जमशेटजी रोड. पूर्वी माहीमहून वांद्र्याला जायला खाडी होडीने ओलांडावी लागे, आणि भरतीत माणसे बुडत. सरकार पूल बांधेना, तेव्हा लेडी जमशेटजी या बाईंनी पदरचे दीड लाखांहून जास्त रुपये दिले आणि 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. परवा आमच्या दोघी विमानतळाला निघतील त्या त्याच वाटेने, रिक्षा मात्र वांद्र्यापासून, कारण माहीमला रिक्षा येत नाही. बॅगा रद्दीवाल्याच्या काट्यावर दोनदा तोलून झाल्या आहेत. तिकिटावर लिहिलेल्या वजनापेक्षा दोन किलो कमीच भरल्या, येताना खजूर आहेत.

एक गोष्ट शेवटच्या आठवड्यात कळली. दुबईत व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. व्हिडिओ कॉलही नाही. लिहिलेला निरोप आणि आवाजाचा निरोप जातो. सासूबाई महिनाभर व्हिडिओ कॉल शिकत होत्या, सुनेचा चेहरा रोज दिसेल म्हणून. त्या हिरमुसल्या. मग नणंदेने त्यांना बटण दाबून आवाज कसा भरायचा ते दाखवले. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथे रात्री आठ म्हणजे इथे साडेनऊ. साडेनऊला निरोप यायचा आणि इथून जायचा, असे ठरले आहे. काल सराव म्हणून त्यांनी आतल्या खोलीतून स्वयंपाकघरातल्या सुनेला पहिला निरोप पाठवला. आम्ही सगळ्यांनी तो ऐकला. पाऊण मिनिटाचा आहे. सुरुवातीला नुसता श्वास आहे, मग, “ऐकू येतंय का गं? साखर एकशे चाळीस आली. तू जेवलीस का?”