पोरीची पदवी आणि कापसाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागे एका गावची बैठक संपली, सतरंज्या गुंडाळणे चालू होते. एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले. म्हणाला, "भाऊ, पोरगी बारावी झाली. कॉम्प्युटर अन् मॅनेजमेंट दोन्ही असलेली डिग्री करतो म्हणते. बैलजोडी इकू का? तुमी सांगा."

त्या बैठकीत आम्ही दोन तास कापसाच्या भावावर बोललो होतो. पण या माणसाला घरी जाऊन जो निर्णय घ्यायचा होता, त्यावर कोणी चकार शब्द काढला नव्हता. मलाही त्या रात्री उत्तर देता आले नाही. ते आज सर्वांसमोर देतो, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या घरचा नाही.

आधी ही पदवी काय ते पाहू. नावे अनेक आहेत. नागपूर विद्यापीठात बीसीसीए म्हणतात, म्हणजे वाणिज्य आणि कॉम्प्युटर. पुणे विद्यापीठात बीबीए (सीए) म्हणतात. यातल्या 'सीए'चा अर्थ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. पोरगी सीए होणार म्हणून पेढे वाटू नका, ते वेगळे. बीसीए आहे, त्यात कॉम्प्युटरचा भाग जास्त. काळ तीन वर्षांचा. नव्या शिक्षण धोरणात चौथे वर्ष ऐच्छिक आहे. शिकवतात काय? एका हाताला प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क, वेबसाइट. दुसऱ्या हाताला हिशेबशास्त्र, उत्पादनखर्च, संख्याशास्त्र, विक्री, व्यवस्थापन.

हे आपल्या कामाचे आहे का? आहे. कसे, ते कापसावरच सांगतो.

व्यापारी रुईचा भाव खंडीत बोलतो. खंडी म्हणजे 356 किलो रुई. आपण कापूस विकतो क्विंटलने. या दोहोंच्या मधला हिशेब मुनीम डोक्यात करतो, आणि आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. समजा, खंडीचा भाव 55 हजार आहे. किलोला झाले साधारण 154 रुपये. एक क्विंटल कापसात 34 किलो रुई निघाली, तर 5,250 रुपये. सरकी 64 किलो, समजा 35 रुपये किलोने, 2,240 रुपये. बेरीज 7,490. यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. उरेल तो तुमचा भाव. आता उतारा 34 चा 35 झाला, तर 154 रुपयांची रुई वाढली आणि 35 रुपयांची सरकी घटली. क्विंटलमागे सुमारे 120 रुपयांचा फरक! हा फरक कोणाच्या खिशात जातो, हे तुम्हाला माहीत आहे.

हे गणित सातवीतला पोरगाही करील. पण रोजचा भाव, प्रत्येक वाणाचा उतारा, दोनशे शेतकऱ्यांचा माल, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, एवढे सगळे वहीत मावत नाही. तिथे डेटाबेस लागतो. आणि नुसता कॉम्प्युटर येऊनही भागत नाही. कॉम्प्युटर बेरीज करतो; कोणती बेरीज करायची, हे त्याला माणसाने सांगावे लागते. म्हणून ही दोन शास्त्रे एका पदवीत आणली आहेत. 2002 साली कायदा बदलला आणि शेतकऱ्यांना आपली उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. आता अशा कंपन्यांना हिशेब ठेवणारा, माल विकणारा आपला माणूस हवा आहे.

मी स्वतः कृषी पदवीधर. कपाशीला नत्र किती, फवारणी कोणत्या अवस्थेत, सगळे तोंडपाठ होते. पदवी घेऊन घरी आलो तेव्हा वडिलांनी एकच विचारले, "आपल्याला क्विंटलमागं खर्च किती आला?" मला सांगता आले नाही. पीक वाढवायचे शिकलो, पण घरच्या पिकाचा ताळेबंद एकदाही मांडला नव्हता. ती लाज अजून गेलेली नाही.

आता खर्च. फी सगळीकडे सारखी नाही, म्हणून एक उदाहरण मांडतो, आकडे तुम्ही आपापले घाला. समजा फी वर्षाला 30 हजार. राहणे-जेवणे महिन्याला 5 हजार, दहा महिन्यांचे 50 हजार. पुस्तके, प्रवास 10 हजार. वर्षाचे झाले 90 हजार, तीन वर्षांचे 2 लाख 70 हजार. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8,110 रुपये होता. त्या भावाने हे 33 क्विंटलहून जास्त होतात. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले, तर आठ एकरांचा सगळा कापूस. त्यातून बियाणे, खत, वेचणी काहीच वजा केलेले नाही. म्हणून मी कोणालाही "डोळे झाकून शिकवा" म्हणणार नाही.

कारण डोळे झाकून काय होते ते माझ्या घरात घडले आहे. पुतण्याला आम्ही रंगीत पत्रक पाहून एका महाविद्यालयात घातले. पत्रकावर 'शंभर टक्के नोकरी' लिहिले होते. प्रत्यक्षात एका कॉम्प्युटरवर तिघे बसत, आणि शिकवणारे सर दर सहा महिन्यांनी बदलत. पोरगा पास झाला, कागद मिळाला. साधा डेटाबेस मात्र त्याला मांडता येईना. पुढचे दीड वर्ष त्याने घरी बसून पुन्हा शिकण्यात घालवले. चूक त्याची नव्हती. पत्रक वाचणाऱ्या काकाची होती.

तेव्हा प्रवेशाआधी महाविद्यालयात स्वतः जा आणि हे विचारा. संलग्नता कोणत्या विद्यापीठाची? बीसीए, बीबीए असेल तर एआयसीटीईची मान्यता आहे का? कॉम्प्युटर किती, आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती? कायम शिक्षक किती? मागच्या तीन वर्षांची मुले आज कुठे आहेत? तीन वर्षांची एकूण फी लेखी द्याल का? जो लेखी देत नाही, त्याच्या दारातून परत फिरा.

दुसरे, सीईटी. बीसीए, बीबीए, बीएमएस या अभ्यासक्रमांसाठी राज्यात 2024 पासून प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्या वर्षी कित्येकांना पत्ताच नव्हता. परीक्षा दुसऱ्यांदा घ्यावी लागली. काही महाविद्यालयांनी तर अभ्यासक्रमाचे नाव बदलून तो परीक्षेच्या बाहेर काढला. म्हणून नावावर जाऊ नका, बारावीच्या वर्षातच चौकशी करा.

तिसरे, सवलती. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, मराठा आरक्षणातील आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. अल्पभूधारकाच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. निवडलेला अभ्यासक्रम यात बसतो का, हे फी भरण्याआधी विचारा, नंतर नाही. ज्यांना गाव सोडता येत नाही, त्यांना इग्नू आणि यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरी राहून शिकता येते.

चौथे, नोकरी. पदवी झाली की पुण्यात गाडी-बंगला, हे खोटे आहे. साधी टायपिंगची, माहिती भरण्याची कामे आता यंत्रच करू लागले आहे. सोपा प्रोग्रॅमही ते लिहून देते. टिकणार तो ज्याला एखाद्या धंद्याची खाचखळगी माहीत आहेत. आपल्या पोरांना एक धंदा जन्मापासून माहीत आहे. पुढे एमसीए करायचे असेल, तर गणिताची अट आधी पाहून ठेवा.

आणि कॉम्प्युटर आपल्या बांधावर येऊन चुकला आहे. 2021 पासून पीक पाहणी मोबाईलवर आली. 2025 च्या हंगामात सीसीआयला कापूस घालायला 'कपास किसान'वर नोंदणी करावी लागली. तुमच्या घरी ती कोणी केली? याच पोरीने ना? मग तिला नुसते बटण दाबू द्यायचे, की बटणामागचा व्यवहार शिकू द्यायचा?

आता त्या भावाला उत्तर. बैलजोडी विकू नकोस. ते उत्पादनाचे साधन आहे. ते विकून घेतलेल्या शिक्षणाचा पहिला हप्ता शेत भरते. आधी फीमाफी आणि वसतिगृह पाहा, मग महाविद्यालय पारखून घे. एवढे करून जी रक्कम कमी पडेल, तिच्यासाठी बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज कर. पण पोरीचे शिकणे थांबवू नकोस. आणि तिला सांग, पहिल्या वर्षी एक काम घरचे करायचे: आपल्या कापसाचा आणि ज्वारीचा क्विंटलमागचा खर्च मांडायचा, मजुरीत बापाचे आणि आईचे दिवस धरून.

कार्यकर्त्यांना एक काम देतो. प्रत्येक तालुक्याने मी सांगितलेले प्रश्न घेऊन आपल्या भागातील महाविद्यालये फिरावीत आणि उत्तरांची यादी पुढच्या मेळाव्यात आणावी. भावाचे दरपत्रक आपण वाचतो, तसे हेही वाचू.

तो शेतकरी आज इथे आला असेल. सभा संपल्यावर भेट, भाऊ. पोरीलाही घेऊन ये.